डिझेलचा काटा खाली आला म्हणजे डिझेल गेलंच असं नाही

आज पिकाचं काही नाही, गाडीचं लिहितोय. ज्यांच्या घरी माल वाहायची जुनी पिकअप आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. डिझेलच्या काट्यापायी आमच्या वाडीतल्या एका माणसाची रोजीरोटी जायची वेळ आली होती.

गाडी माझ्या चुलतभावाची. जुनी आहे, पण इंजिन ठणठणीत. हंगामात टोमॅटो भरून रात्री ओतूरहून माळशेज उतरते, कल्याणला माल टाकते आणि पहाटे अंधारातच दारात येते. संध्याकाळी टाकी फुल करून द्यायची आणि पहाटे काटा बघायचा, हा भावाचा नेम. काटा रोज अर्ध्याच्या बराच खाली. दिवसा तेवढीच गाडी पळाली तर मात्र एवढा उतरत नाही. म्हणजे रात्री वाटेत डिझेल काढलं जातंय, असं त्याच्या डोक्यात बसलं. ड्रायव्हर सात वर्षं त्याच गाडीवर. भाऊ तोंडावर काही बोलला नाही, पण पगारातून कापायचं चाललं होतं आणि ते त्याच्या कानावर गेलंच. तो माझ्याकडे आला. म्हणाला, "दादा, गाडी सोडायला लावली तर सोडीन. पण चोर म्हणून नाही सोडणार."

पहिलं काम केलं ते काट्याकडं न बघण्याचं. पंपाच्या पावत्या काढल्या. नशिबानं भाऊ प्रत्येक पावतीमागं किलोमीटर लिहितो. टाकी फुल ते टाकी फुल असा हिशोब धरला. दोन फेऱ्यांना ४५८ किलोमीटर, डिझेल ३८ लिटर. लिटरला बारा. मागच्या दोन महिन्यांच्या पावत्याही तशाच जुळल्या. लोडच्या जुन्या गाडीला अजून काय पाहिजे? डिझेल इंजिनातच जळत होतं.

मग काटा खोटं का बोलतो? जुन्या गाडीत याची रचना साधी असते. टाकीत एक फ्लोट तरंगतो. त्याचा दांडा वरखाली झाला की एका पट्टीवरून टोक सरकतं आणि रेझिस्टन्स बदलतो. तिथून एक वायर डॅशबोर्डच्या मीटरला जाते, दुसरी बाजू चेसिसला अर्थ होते. या गाडीत रेझिस्टन्स कमी म्हणजे टाकी फुल, जास्त म्हणजे रिकामी. काही गाड्यांत हे बरोब्बर उलटं असतं, तेवढं आधी बघून घ्या.

एका गॅरेजवाल्यानं अख्खा मीटर बदलायला सांगितलं होतं. म्हटलं थांबा, आधी फुकटातल्या गोष्टी बघू.

टेंपरेचरचा काटा नीट चालत होता. दोन्ही काटे एकदम बिघडले असते तर मीटरला येणाऱ्या सप्लायवर संशय घेतला असता. मग चावी ऑन करून टाकीकडून येणारी वायर कनेक्टरमधून सोडवली. काटा रिकाम्यावर गेला. तीच वायर क्षणभर अर्थला टेकवली, काटा सावकाश फुलकडं चढायला लागला. म्हणजे मीटर चांगला, वायर चांगली. गडबड टाकीतल्या फ्लोटमध्ये नाहीतर त्याच्या अर्थमध्ये. (पेट्रोलच्या गाडीला टाकीजवळ असं वायर टेकवणं करू नका. ठिणगी पडली तर जीवावर बेतेल. बॅटरी काढून मल्टिमीटरनं बघा.)

नंतर सगळं जोडून, टाकी फुल असताना चावी ऑन केली. काटा पाऊण टाकीवर. ड्रायव्हरला म्हटलं, लाईट लाव. लाईट लावल्यावर काटा हळूहळू अर्ध्याकडं यायला लागला. बंद केली की पुन्हा वर. भाऊ शेजारीच उभा होता, त्याला वेगळं सांगावं लागलं नाही.

टाकीमागं चेसिसला एक बोल्ट आहे. फ्लोटची अर्थ आणि मागच्या लाईटची अर्थ त्याच एका बोल्टवर. क्रेटमधून गळणारं पाणी, चिखल, वरून पावसाळे, त्यानं बोल्ट गंजला होता. गंजाचा रेझिस्टन्स फ्लोटच्या रेझिस्टन्समध्ये मिळतो, म्हणून काटा कायमच कमी दाखवायचा. लाईट लागली की तिचाही करंट त्याच गंजातून जायचा आणि काटा आणखी पडायचा. गाडी रात्री जास्त डिझेल खाते असं दिसत होतं ते यामुळं.

बोल्ट खोलला, चेसिस पॉलिश पेपरनं चकचकीत घासली, वायरला नवीन थिंबल मारलं, घट्ट आवळून वरून ग्रीस लावलं. फ्लोटची अर्थ वेगळ्या बोल्टवर घेतली. काटा फुलवर गेला आणि लाईट लावली तरी हलला नाही. खर्च चहापेक्षा थोडा जास्त. भावानं माफीबिफी मागितली नाही, तो स्वभावच नाही त्याचा. पण पगार पूर्ण दिला. ड्रायव्हर आहे गाडीवर, पूर्वीसारखं बोलत मात्र नाहीत दोघं. त्याला वेळ लागेल.

तुमच्या गाडीचा काटा कसा वागतो त्यावरून दोष ओळखता येतो:

– कायम रिकाम्यावर: फ्लोटमध्ये डिझेल शिरून तो बुडालाय, किंवा वायर, अर्थ तुटलीय.
– एका ठरावीक जागीच उडी मारतो: आतली पट्टी तिथं झिजलीय.
– लाईट लावली की हलतो: अर्थ बघा.
– घाटात वरखाली होतो: दोष नाही, टाकीत डिझेल सरकतं. सपाटीला उभी करून बघा.

काटा खात्रीचा नसेल तर रात्रीच्या फेरीला अंदाजावर जाऊ नका. डिझेल गाडी कोरडी पडली की लाईनीत एअर धरते. नुसतं डिझेल ओतून ती चालू होत नाही, आधी एअर काढावी लागते. घाटात अंधारात, मागं भरलेला माल असताना ते काम कोणाच्या वाट्याला येऊ नये.

आणि पावतीमागं किलोमीटर लिहायची सवय लावा. कोणाच्या गाडीला असा अनुभव आला असेल तर खाली सांगा.