विजेच्या परतीची वाट

वीज ज्या यंत्रातून निघते त्याच यंत्राकडे तिला परत यावे लागते, हा निसर्गनियम कितीही साधा असला, तरी समुद्रावरील नौकेत त्याचा नीट बंदोबस्त करणे हेच आमच्या धंद्यातील खरे कसब आहे, असे माझे मत रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नौकांचे वायरिंग करता करता दृढ होत गेले आहे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत शाकारलेल्या नौकांची डागडुजी निघाली, की ग्राइंडर, ड्रिल, बॅटरीचा चार्जर आणि रात्रीचे दिवे यांच्यासाठी पेट्रोलवर चालणारा एखादा छोटा जनरेटर फळीवरून वर चढवला जातो, आणि तांडेल मोठ्या भरवशाने विचारतो, "मेस्त्री, हा लायनीला जोडून द्याल ना?" जोडणी अर्ध्या तासाची असते, परंतु तिच्यापूर्वीची चौकशी मात्र सावकाशीने आणि तपशीलवार व्हावी लागते.

घराच्या अर्थिंगची पट्टी जमिनीत गाडलेली असते. लाकडी अथवा फायबरच्या नौकेला मात्र इंजिनाचा सांगाडा, पंख्याचा शाफ्ट आणि खालचे खारे पाणी एवढाच काय तो पृथ्वीशी संबंध. त्यातच बहुतेक छोट्या जनरेटरांत न्यूट्रलची तार यंत्राच्या लोखंडी चौकटीशी जोडलेली नसते. अशा स्थितीत फेजच्या तारेचे आवरण झिजून ती ग्राइंडरच्या धातूला चिकटली, तरी परतीची वाट नसल्यामुळे काहीच घडत नाही. कोणाला झटका बसत नाही, यंत्र बिनदिक्कत चालत राहते, आणि दोष आत दडून राहतो. पुढे केव्हातरी दुसऱ्या ठिकाणी न्यूट्रल उघडी पडते आणि ओल्या फळ्यांवर उभा असलेला खलाशी या दोन दोषांच्या मधोमध सापडतो, तेव्हा २३० व्होल्टला हवी असलेली वाट त्याच्या देहातून मिळते.

अशा वेळी प्राण वाचवावयाचे ते आरसीसीबीने. चोख कारकुनाप्रमाणे हे उपकरण फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह अखंड ताडून पाहते, व ३० मिलिअँपिअरची तफावत दिसताच क्षणार्धात पुरवठा तोडते. परंतु वर सांगितलेले दोन्ही दोष त्याच्या पुढच्या बाजूला असले, तर गेलेले सगळे न्यूट्रलमधूनच परत येते, हिशेब तंतोतंत जुळतो, आणि आरसीसीबी स्वस्थ बसून राहतो. म्हणून न्यूट्रल आणि चौकट यांची गाठ जनरेटरपाशीच, आरसीसीबीच्या अलीकडे, बांधावी लागते. तीही त्या यंत्राच्या बनावटीला मानवत असेल तरच, सबब पुस्तिका वाचल्याशिवाय मी पक्कड हातात घेत नाही. यंत्र बंद ठेवून न्यूट्रल आणि अर्थ या दोन भोकांत मल्टीमीटरच्या सळया लावल्या, की गाठ आहे किंवा नाही ते कळते. आरसीसीबीवरचे 'टेस्ट'चे बटण दाबून तो पडला म्हणजे सारे सुरक्षित, अशी समजूत बंदरात सर्वत्र आढळते. वास्तविक ते बटण फेज आणि न्यूट्रल यांच्यातच आतल्या आत प्रवाह वळवते, त्याला अर्थची गरजच नसते. उपकरणाची यंत्रणा शाबूत आहे एवढीच ग्वाही ते देते. परतीची वाट शाबूत आहे की नाही, हे फेजमधून अर्थमध्ये मोजका प्रवाह सोडणाऱ्या परीक्षण-यंत्रानेच कळते.

ही गाठ नौकेच्या मुख्य फळ्यावर मात्र कदापि बांधू नये. नौका धक्क्यावरच्या विजेला जोडली जाते तेव्हा तशीच गाठ किनाऱ्यावर अगोदरच बांधलेली असते. दोन ठिकाणी गाठी पडल्या, की न्यूट्रलचा प्रवाह वाटला जाऊन त्याचा काही अंश अर्थच्या तारेतून आणि पाण्यातून वाट काढू लागतो. म्हणून धक्का, जनरेटर आणि इन्व्हर्टर यांपैकी एका वेळी एकाचाच अंमल चालेल, अशी तजवीज चेंजओव्हर स्विचने करावी लागते. तो फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा, आणि एक पुरवठा पूर्णपणे सुटल्यावरच दुसरा धरणारा असावा. काटकसरीपायी काही जण दोन्ही टोकांना पिन बसवलेली वायर करतात आणि जनरेटरची वीज केबिनमधल्या सॉकेटातून उलटी आत ढकलतात. त्या वायरचे एक टोक ओढून काढताच उघड्या पितळी पिनांवर पुरा दाब उभा राहतो. आणि नौका धक्क्याला जोडलेली असेल, तर तोच दाब किनाऱ्याच्या लायनीवर चढून तेथे काम करणाऱ्या वायरमनपर्यंत पोहोचतो. अशी वायर दिसली, की ती कापल्याखेरीज मी पुढच्या कामाला हात घालत नाही.

तारांइतकाच विचार धुराचा करावा लागतो. जनरेटर कधीही केबिनमध्ये किंवा इंजिनाच्या खोलीत ठेवू नये, ही ताकीद सर्वांना ठाऊक आहे. पण उघड्यावर, पिछाडीला ठेवून निश्चिंत झोपणाऱ्यांनी खाडीचा स्वभाव ध्यानात घ्यावा. ओहोटी उलटून भरती लागली, की नांगरावरची नौका तोंड फिरवते, वारा मात्र होता तेथूनच वाहत असतो, आणि संध्याकाळी बाहेर जाणारा धूर मध्यरात्री थेट केबिनच्या दारातून आत शिरतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास; आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. म्हणून झोपण्यापूर्वी जनरेटर बंद करावा आणि केबिनमध्ये या वायूची सूचना देणारा भोंगा असावाच. पेट्रोलही यंत्र निवाल्यावर, धक्क्यावर उतरवूनच भरावे. कारण पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळे ती नौकेच्या तळाशी साचते, आणि मग एक ठिणगी पुरते.

काम संपले, की मी तांडेलाला आणि निदान एका खलाशाला शेजारी उभे करून चेंजओव्हर त्यांच्याच हाताने फिरवायला लावतो, गाठ कोठे आहे ते बोटाने दाखवतो, आणि वीज कोठून निघून कोठे परत जाते ते त्यांच्या तोंडून वदवून घेतो. मजुरीच्या हिशेबात हा वेळ धरलेला नसतो. तरी तो दिल्यावाचून जोडणी पुरी झाली असे मी मानत नाही, कारण दर्यावर मध्यरात्री निर्णय त्यांनाच घ्यावयाचा असतो, आणि त्या वेळी मेस्त्रीचे कसब नव्हे, तर त्यांना झालेले ज्ञानच त्यांच्या उपयोगी पडणार असते.