सप्तमीचं पाणी

देवबागला ज्या घरी मी उतरले होते, तिथे स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं होतं. घरातले काका समुद्राबद्दल काहीही सांगायचं झालं की आधी मान वळवून त्याच्याकडे बघत. "उद्या सप्तमी," ते म्हणाले. "साता पाऊणे सव्वापाच. पहाटे सव्वापाचाक भरती. साडेअकराच्या सुमाराक सुकती."

तिथीला पाऊणेने गुणायचं, भरतीची वेळ हाती येते. माझ्या आईला पावकी, निमकी, पाऊणकी सगळं तोंडपाठ होतं आणि याचा पुढे काय उपयोग, असं मी तिला नेहमी चिडवत असे. उपयोग इथे होता, पुण्यापासून पावणेचारशे-चारशे किलोमीटर लांब, दाराच्या मागे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, पाणीही त्याच्या मागून तेवढंच उशिरा. पाऊण तास म्हणजे त्याचाच व्यवहारी हिशोब. शिवाय सप्तमी-अष्टमी म्हणजे भांगाचे दिवस. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण नाही, खाडीच्या तोंडाशी ओढ कमी. एकटीने कयाक घेऊन समुद्रात जायचं तर याहून चांगला दिवस नाही, हे काकांनाच पटलं होतं. फक्त 'एकटीने' या शब्दाशी ते अडत होते.

"एकटीच जातलंस?"

दिवसभरात हा प्रश्न मला किती जणांनी विचारला ते मी नंतर मोजलं. सहा. काकूंनी विचारला नाही. त्यांनी डब्यात दोन घावन आणि गुळाचा खडा घालून डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत दोनदा गुंडाळून दिला.

बेत साधा होता. कर्ली खाडीतून निघायचं, तोंडाबाहेर पडायचं, डावीकडे वळून भोगव्याच्या किनाऱ्याकिनाऱ्याने निवतीपर्यंत. जाताना सहा-सात किलोमीटर, येतानाही तेवढंच. ओहोटीबरोबर बाहेर जायचं, भरतीबरोबर आत यायचं. काकांनी एकच अट घातली: "अकराच्या आदी परत फिर. मगे वारो सुटता."

पावणेसातला मी कयाक पाण्यात ढकलली. पौषातला गारवा होता. अर्धा चंद्र डोक्यावरून थोडा दक्षिणेला कलला होता, आणि खाडी इतकी निश्चल, की पलीकडच्या भोगव्याच्या बाजूचे माड पाण्यात उलटे, झावळीनझावळी मोजावी असे उभे होते. देवबाग हे गावच मुळात दोन पाण्यांच्या मध्ये घातलेली वाळूची एक पट्टी आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. पावसाळ्यात समुद्र ही पट्टी कुरतडतो, म्हणून त्या बाजूला काळ्या दगडांचा बंधारा घातलेला आहे. खाडीकडून पाहिलं तर हे सगळं भांडण दिसत नाही. दिसतात ती घरामागची न्हाणीघरं, चुलीचा धूर आणि पायरीवर बसून तांब्या घासणारी एक बाई. तिने मान वर केली, तोच प्रश्न विचारला, आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा घासायला लागली.

कयाकमध्ये बसणं म्हणजे होडीत बसणं नव्हे. होडीत आपण पाण्याच्या वर असतो. इथे पाय पुढे पसरून जवळजवळ पाण्याच्या पातळीला बसायचं. माझी कयाक पिवळ्या प्लॅस्टिकची, वरून उघडी. तळाला आरपार भोकं असतात, आलेलं पाणी त्यांतून आपोआप निघून जातं. तेव्हा पाण्यापासून डोळे जेमतेम तीन फुटांवर, आणि तीन फुटांवरून क्षितिज फक्त साडेतीन किलोमीटर दूर असतं. म्हणजे काठावर उभं राहून जो अफाट समुद्र दिसतो तो कयाकवाल्याला दिसतच नाही. त्याला मिळतो तो एक छोटा, गोल, घरगुती समुद्र. मला तो फार आवडला. त्यात वल्ह्याच्या पात्यावरून ओघळणारे थेंबही हजर असतात. डावं पातं वर आलं की थेंबांची एक ओळ पाण्यावर पडते, टिपटिपटिप, मग उजवं. पहिल्या अर्ध्या तासात दंड भरून येतात. मग कधीतरी शरीराला आपोआप कळतं, की हे हातांचं काम नाही, कमरेचं आहे. जात्यावर बसलेल्या बाईला हे शिकवावं लागलं नसतं.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक दांडा आहे. त्याला सगळे 'त्सुनामी आयलंड' म्हणतात, 2004 च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं सांगतात. दहानंतर तिथे पर्यटकांच्या बोटी लागतात, चहा-भजी, कर्कश गाणी, पाणी कापत गरगरणाऱ्या स्कूटर. मी गेले तेव्हा पाणी नुकतंच दांड्यावरून उतरू लागलं होतं आणि ओल्या कडेवर सुरयांची एक रांग चोची एकाच दिशेला करून उभी होती. त्या गोंगाटाबद्दल मला राग आहे, पण तो राग पाहुणीचा आहे. त्याच गोंगाटावर या गावातल्या कित्येक घरांची चूल पेटते, हेही मला माहीत आहे.

तोंडाबाहेर पडताच पाण्याचा रंगच नव्हे, स्वभाव बदलला. खाली काहीतरी मोठं, सावकाश श्वास घेत असल्यासारखी कयाक उचलली जाई आणि ठेवली जाई. मागून, जमिनीकडून मतलई वारा येत होता. त्याला सुरूच्या पानांचा आणि जळत्या पातेऱ्याचा वास होता. भोगव्याचा लांब किनारा डावीकडे उलगडू लागला. आठच्या सुमारास उजवीकडे 'फुस्स' असा आवाज झाला. कुणीतरी अगदी जवळ नाक शिंकरावं तसा. करडी पाठ, वर गाठीसारखा उंचवटा, त्यावर छोटा पर. गादा. इथले लोक डॉल्फिनला गादा म्हणतात आणि जाळी फाडतो म्हणून त्याच्यावर फारसं प्रेमही करत नाहीत. 'डॉल्फिन दर्शना'च्या बोटीतून मी तो पूर्वी पाहिला होता, तेव्हा वीस माणसं एकदम किंचाळली होती. या वेळी कुणी किंचाळायला नव्हतं. मी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. तो आणखी दोनदा श्वास घेऊन, माझी काहीही दखल न घेता, खाडीच्या दिशेने गेला.

निवतीचा किल्ला समुद्रातून किल्ल्यासारखा दिसत नाही. जांभ्याचा तांबूस कडा, वर झाडोरा, मधूनच एखादा बुरूज असावा असा संशय. त्या झाडोऱ्यावरून एक समुद्रगरुड पंख जराही न हलवता फिरत होता. कड्याला वळसा घालून निवतीच्या छोट्या वाळूवर लागले तेव्हा साडेनऊ झाले होते. दूर समुद्रात निवती रॉक्स. तिथल्या बेटांवर गुहांमध्ये पाकोळ्या स्वतःच्या लाळेची घरटी करतात आणि त्या घरट्यांना परदेशात सोन्याचा भाव येतो म्हणून ती चोरीला जात. माझ्या तीन फुटी नजरेला वळशाआधी ही बेटं दिसत नव्हती. वाळूवर उभी राहिले आणि दिसली. दोन-चार फुटांच्या फरकात एवढं सामावलेलं असतं.

ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूवर चिमुकले खेकडे काम करत होते. एकाच्या जवळ मी पालथी पडले. तो दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची मोहरीहून थोडी मोठी गोळी करून मागे टाकतो. गोळी, एक पाऊल, गोळी. बिळापासून किरणांसारख्या ओळी. सगळी वाळू अशी रांगोळीने भरलेली, आणि सहा तासांत भरती ती पुसणार. त्याने एकोणचाळीस गोळ्या केल्या तोवर मी मोजत राहिले. घावन खाल्ले. मग घड्याळ पाहिलं. अकराला पाच कमी होते.

दोष कुणाचाच नव्हता, खेकड्याचा तर मुळीच नाही. वळसा घालून कड्याबाहेर आले आणि वायव्येचा वारा थेट तोंडावर आला. सकाळचं ते सावकाश श्वास घेणारं पाणी आता आखूड, उभ्या, पांढऱ्या टोकांच्या लाटांचं झालं होतं. मी वल्हवत होते आणि किनाऱ्यावरचा एक ठरावीक माड जिथल्या तिथे होता. वीस मिनिटं तो माड माझ्या सोबतीला राहिला. तासाभराने, निम्म्या वाटेवर, मी शहाणपण केलं आणि भोगव्याच्या वाळूकडे वळले. शहाणपण अर्धवटच. फुटणाऱ्या लाटेने मागून कयाक उचलली, आडवी केली, आणि मला पाठीवरचं गोणपाट टाकावं तशी टाकली. नाकात, कानात, ब्लाउजमध्ये समुद्र. लाइफ जॅकेटने वर आणलं, वल्हं दोरीने बांधलेलं होतं म्हणून राहिलं. पाण्याची बाटली आणि डबा गेला. काकूंच्या डब्याची हळहळ सोलवटलेल्या गुडघ्यापेक्षा जास्त वाटली.

कमरेच्या जलरोधक पिशवीतल्या फोनवर काकांचे चार कॉल येऊन गेले होते. "थंयच रव," ते एवढंच म्हणाले. "पाचाच्या मागे वारो पडात. तेवा ये."

म्हणून मला ती दुपार मिळाली. वाळूवर ओढून ठेवलेल्या रापणीच्या होडीच्या सावलीत मी बसले आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. तिला खिळे नव्हते. फळ्या काथ्याने एकमेकींना शिवल्या होत्या, वाकळेला घालावे तसे आडवे-तिरपे टाके, आणि सांध्यावर सोडणाची लांब वळी दाबून बसवलेली. खिळ्यांची होडी लाटेच्या तडाख्याने खिळखिळी होते. शिवलेली थोडी वाकते, पुन्हा पूर्ववत होते. मला कयाकची मूळ कथा आठवली. ग्रीनलंडसारख्या, जिथे झाड जवळजवळ उगवतच नाही अशा मुलखातल्या इन्युइटांनी वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा केला, त्यावर सीलचं कातडं ताणलं. ते कातडं बायका शिवत. टाके पाणी अडवणारे नसले तर नवरा परत येत नसे. आणि माप घेतलं जाई ते ज्याने त्यात बसायचं त्याच्याच शरीराचं, अंगरख्यासारखं. बर्फातली ती आणि काथ्यातली ही, दोघी शिवलेल्या. माझी पिवळी तेवढी साच्यातून काढलेली, कुणाच्याच मापाची नव्हे.

साडेतीनला माणसं जमू लागली. होडीने समुद्रात अर्धगोल फिरून रापणीचं जाळं टाकलं, आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आले. मी बाजूला उभी. एका म्हाताऱ्या बाईने आधी माझा गुडघा पाहिला, मग पिवळी कयाक. "एकटीच इलंस?" हो म्हटल्यावर तिने दोर पुढे केला. "धर गो मगे."

दोर ओढताना कुणी कुणाशी फार बोलत नाही. टाच वाळूत रुतवायची, मागे झुकायचं, दोन पावलं. शेवटची व्यक्ती दोर सोडून पुन्हा पाण्यापाशी पुढे जाते. ही माळ दीड तास चालली. कंबर इथेही तीच. जाळं उथळावर आलं तेव्हा पाण्याला आतून उकळी फुटल्यासारखं झालं: पेडवे, थोडे बांगडे, एक-दोन काट्यांनी भरलेल्या कर्ल्या. ढीग लागले. म्हातारीने ओंजळभर पेडवे माझ्या कयाकमध्ये पायापाशी टाकले. "हो घे तुझो वाटो." मी नको म्हणणार होते. ओढणाऱ्याला वाटा हा इथला कायदा आहे. मी गप्प राहिले.

पावणेसहाला वारा खरोखरच पडला. भरती पुरी होत आली होती, खाडीच्या तोंडाशी पाणी ना आत ना बाहेर, आणि सकाळचा दांडा पाण्याखाली नाहीसा झाला होता. त्याच्यावरून मी सरळ आत गेले. पायाशी पेडव्यांचे खवले सरकत होते.

धक्क्यावर काका बॅटरी घेऊन उभे होते. रागावले नाहीत, बोललेही नाहीत. काकूंनी आधी पेडवे पाहिले, मग मला. "डबो?" मी मान हलवली. त्यांनी तिरफळं ठेचायला घेतली आणि तिखल्याचा वास घरभर झाला. जेवताना मी मान वळवून दारामागे पाहिलं. उद्या अष्टमी. आठा पाऊणे सहा.