विहिरीवरची बाभूळ तोडण्याआधी



कृषी विस्ताराच्या नोकरीपायी मी गेली पंचवीस-तीस वर्षे बांधाबांधाने हिंडतो आहे. भाद्रपदात बाजरी दाण्यात आली, की एक प्रश्न हमखास येतो, "साहेब, विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींचे खोपे लागलेत. पाखरं बाजरी खातात. बाभूळच तोडू का?"

माझे उत्तर ठरलेले आहे : आत्ता तोडू नका. खोप्यांत पिल्ले आहेत.

आपण म्हणतो सुगरण, पण खोपा विणतो नर. पावसाने गवत वाढले, की डोक्यावर पिवळा रंग चढलेला हा गडी गवताच्या, भाताच्या, उसाच्या पात्याला चोचीने खाच पाडून लांब धांदोटी ओढतो. खोपा टांगतो तो फांदीच्या टोकाला, पुष्कळदा पाण्यावर, म्हणजे सापाला सहज पोचता येऊ नये. अर्धा खोपा झाला की मादी पाहायला येते. तिला पसंत पडला तरच खालची नळी पुरी होते. मग हे महाशय शेजारी दुसरा खोपा मांडतात, दुसऱ्या मादीसाठी! अंडी मात्र मादी एकटी उबवते, सुमारे पंधरवडाभर. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी 1930 साली अलिबागजवळच्या किहीमला बसून हा सारा संसार बारकाईने टिपला.

मोठी पाखरे दाणे खातात, हे खरेच. लहान शेतकऱ्याला ते झोंबते. पण पिल्लांना ती किडे, अळ्या, नाकतोडेही भरवतात. शिवाय एक बाभूळ तोडून थवे थांबत नाहीत. ते लांबूनही येतात.

मग करावे काय? शेजाऱ्यांनी मिळून एकाच सुमारास पेरा, म्हणजे सगळा थवा एकाच्याच शेतावर पडत नाही. कणसाला कुसळे असलेला वाण निवडा. दाणा चिकात आल्यापासून कापणीपर्यंत सकाळ-संध्याकाळ राखण ठेवा.

बाभूळ तोडायचीच झाली तर दिवाळीनंतर, खोपे रिकामे झाल्यावर तोडा. पण जुन्या विहिरी बुजत चालल्या, बांधावरची झाडे विरळ झाली. तुमच्याकडे एखादी उरली असेल तर राहू द्या. पुढच्या आषाढात मुलांना जरा लांब उभे करून दाखवा, मादी कोणता खोपा पसंत करते आणि कोणता नाकारते ते.