अंगठीचा विमा

साखरपुड्याच्या अंगठीचा विमा काढला एकदाचा! इथे अमेरिकेत घरसामानाच्या नेहमीच्या पॉलिसीत दागिने असतात, पण चोरीला गेले तर बहुधा सगळे मिळून १,५०० डॉलरपर्यंतच. आता मला सांगा, अंगठी चोरीला कितीदा जाते? ती जाते बेसिनमध्ये, नाहीतर कणीक मळताना काढून ठेवली की! म्हणून तिची वेगळी नोंद करून घेतली. त्यात ‘गूढरीत्या नाहीशी होणं’सुद्धा धरतात. (काय पण भाषा!) सराफाकडून वजन-रंगासकट किंमत लिहून आणली. हिरा आजीच्या कुडीतला. हरवला तर काही कंपन्या तसाच दुसरा बसवून देतात, काही पैसे. मी पैसेवाली घेतली, हप्ता थोडा जास्त असूनही. तसाच दुसरा हिरा बोटात घालून आईसमोर कशी जाऊ?