साडेबारा हजार किलोमीटर

परवा लंचला टीममधल्या एकाने विचारलं, "तुझं घर किती लांब आहे रे?" मी सवयीने सांगून टाकलं, "साडेबारा हजार किलोमीटर. पंधरा-सोळा तास."

उत्तर साफ चूक आहे, हे जानेवारीपासून मला माहीत आहे. तरी तोंडातून तेच येतं.

आकडा तसा बरोबर आहे म्हणा. न्यूयॉर्क आणि मुंबईचे अक्षांश-रेखांश घेऊन हॅवरसाइन फॉर्म्युल्यात टाका, 12,500 च्या आसपास उत्तर येतं. घरी ग्लोब असेल तर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा. गंमत म्हणजे तो सरळ पूर्वेला जात नाही, वर चढून आइसलंड-नॉर्वेवरून खाली उतरतो. ताशी 900 ने भागलं की चौदा तास. झालं!

आता माझा खरा हिशोब.

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला ताईचा फोन आला. सांगलीत तेव्हा शुक्रवारची पहाटेचे पाच. "बाबांना अर्धांगाचा झटका आलाय. आयसीयूत आहेत." फायबरमधून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे ताईचा हुंदका सेकंदाच्या दहाव्या भागात न्यू जर्सीत पोचला असणार. माणसाचं तसं नसतं.

शुक्रवारी सकाळी अकराचं विमान मिळालं. दुबईपर्यंत साडेबारा तास. तिथे पाच तास नुसतं बसून. मग मुंबई, तीन तास. इमिग्रेशन, बॅग, गाडी शोधणं यात दीड. आणि पुढे सांगली, जेमतेम पावणेचारशे किलोमीटर. एक्सप्रेसवेवर ट्रक बंद पडलेला, मग पुणे, खंबाटकी, कराड.. पेठ नाक्याला ड्रायव्हरकाका म्हणाले, "चहा घेतल्याशिवाय पुढं नको, डोळा लागतोय." आठ तास! रविवारी पहाटे साडेतीनला हॉस्पिटलच्या जिन्यात पोचलो.

फोनपासून जिन्यापर्यंत साडेसेहेचाळीस तास. त्यात हवेत फक्त साडेपंधरा. बरोबर एक तृतीयांश.

बेरीज करून बघणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल, यात सुरुवातीचे साडेसोळा तास मी गाळलेत. ते सांगायचं टाळत होतो.

गुरुवारी रात्री अकराच्या विमानात एक सीट दिसत होती. कार्ड हातात होतं. पण माझ्या पासपोर्टवरचा एच-वन-बीचा शिक्का संपलेला. एकदा बाहेर पडलो की भारतातल्या अमेरिकन वकिलातीत नवा शिक्का मिळेपर्यंत परत येता येत नाही, आणि अपॉइंटमेंट कधी मिळेल याचा नेम नाही. नोकरी, घराचे हप्ते, मुलीची शाळा.. दोन तास मी लॅपटॉपसमोर बसून होतो. ठरवून पान रिफ्रेश केलं तेव्हा सीट गेली होती. पुढचं विमान बारा तासांनी.

या दोन तासांना कुठला फॉर्म्युला लावायचा?

बाबा वाचले. आता काठी घेऊन अंगणात फिरतात, बोलणं थोडं जड झालंय. शिक्का मिळून मीही परत आलो, नोकरीही टिकली. पण त्या पहाटे त्यांनी डोळे उघडून अडखळत एवढंच विचारलं होतं, "कधी निघालास रे?"

मी म्हणालो, "फोन आला आणि लगेच निघालो, बाबा."