पात्रतेचा कागद

परवां सकाळीं चष्मा शोधीत मी धाकट्या मुलीच्या टेबलापर्यंत जाऊन पोंचलों. चष्मा तेथेंच एका कागदावर पडलेला होता. तो डोळ्यांवर चढविला आणि सहज त्या कागदाकडे पाहिलें. महाविद्यालयांत अध्यापक होऊं इच्छिणाऱ्यांसाठीं १९८९ सालापासून जी राष्ट्रीय पात्रता परीक्षा घेतली जाते, तिच्या राज्यशास्त्र विषयाचा तो अभ्यासक्रम होता.

अभ्यासक्रम म्हणजे रुक्ष वस्तु, अशी माझी समजूत. पण ही यादी वाचतांना मी रंगून गेलों. एकंदर १० प्रकरणें. पहिल्यांत स्वातंत्र्य, समता, न्याय, हक्क. दुसऱ्यांत प्लेटो, हॉब्स, रूसो, मार्क्स, रॉल्स. तिसऱ्यांत आपल्याकडील कौटिल्य, कबीर, पंडिता रमाबाई, टिळक, गांधी, पेरियार, सावरकर, आंबेडकर. प्रत्यक्षांत ज्यांतील कित्येकांचें एकमेकांशीं पटणें अवघड, तीं सारीं माणसें येथें एका स्वल्पविरामाच्या अंतरावर किती गुण्यागोविंदानें नांदत होतीं!

संध्याकाळीं चहा घेतांना मी मुलीला म्हटलें, "अग, एवढें सारें वाचणारा माणूस शहाणाच व्हायचा!"

ती हंसली. म्हणाली, "बाबा, शहाणपणाला तेथें रकाना नाहीं. दोन प्रश्नपत्रिका, १५० प्रश्न आणि ३ तास. ग्रंथ आणि ग्रंथकार यांच्या जोड्या लावायच्या, घटना सालवारीनें मांडायच्या, चार उत्तरांतून एक निवडायचें. शेवटीं पात्र ठरतात शेकडा ६ जण. उरलेल्यांना कांहीं येत नाहीं असें नव्हे. त्या सहांना अधिक आलें, इतकेंच."

हा हिशेब तिला तोंडपाठ आहे, कारण तीन वेळां ती थोडक्यांत राहिली आहे. तूर्त ती एका महाविद्यालयांत तासिकेच्या बोलीवर शिकविते. तिच्या नेमणुकीच्या पत्रांत 'पात्र उमेदवार मिळेपर्यंत' असे शब्द आहेत. तें पत्र ती कपाटांत साड्यांच्या खालीं ठेवते.

विषय बदलावा म्हणून मी विचारलें, "पण या रमाबाई राज्यशास्त्रांत कशा आल्या?"

आणि मग ती बोलूं लागली. १८८२ सालीं पुण्यांत हंटर आयोगापुढें २४ वर्षांची ही विधवा उभी राहिली. मुलींना शिकवायला स्त्रिया हव्यात, त्यांना त्यासाठीं रीतसर तयार केलें पाहिजे, स्त्रियांना वैद्यकहि शिकतां आलें पाहिजे, असें तिनें सरकारच्या लोकांना सांगितलें. "सत्ता केवळ सिंहासनावर नसते, बाबा, शाळेच्या दारांतून कोणाला आंत घ्यायचें हें जो ठरवितो, त्याच्याहि हातीं ती असते." माझा चहा निवून गेला होता. चाळीस वर्षें शाळेंत नागरिकशास्त्र शिकवून मला जें कधीं इतकें सोपें करतां आलें नाहीं, तें तिनें अर्ध्या घटकेंत केलें.

ही हातोटी चार उत्तरांपैकीं कोणत्या उत्तरांत बसवायची? परीक्षेवर तोंडसुख घ्यायला मी सरसावलों, तोंच मला आमच्या मामांची आठवण झाली. मला शाळेंत नोकरी लागली ती त्यांच्या एका चिठ्ठीवर. माझ्याबरोबर मुलाखतीला आलेला एक गृहस्थ माझ्याहून पुष्कळ विद्वान होता. बाहेरच्या बाकावर त्यानें मला आपला डबाहि देऊं केला होता. त्याचें पुढें काय झालें, याची मीं कधींच चौकशी केली नाहीं.

ती परीक्षा चिठ्ठी वाचत नाहीं, एवढें तरी तिच्या पदरीं घातलेंच पाहिजे. पण ती रमाबाईंविषयींचें तें बोलणेंहि ऐकत नाहीं.

मुलगी पुढच्या खेपेस पुन्हां बसणार आहे. काल मीं तिला भीतभीत सांगितलें, "कोणाला दोन शब्द सांगायचे असतील तर सांगतों." तिनें अभ्यासक्रमाचा कागद नीट घडी करून पुस्तकांत ठेवला आणि म्हणाली, "नको, बाबा. मला सालें पाठ म्हणून दाखवायची आहेत. तुम्ही फक्त समोर बसा."