बोदवडचा पहिला पाऊस

भुसावळ सोडून गाडी मलकापूरच्या वाटेला लागली, की डोळ्यांना रमवील असे फारसे काही लागत नाही. काळी, भेगाळलेली जमीन, मधूनच एखादी बाभूळ, अन् जून महिना असेल तर आभाळाकडे टक लावून बसलेली गावे. 2022 च्या जूनमध्ये मी बोदवडला मावशीकडे उतरलो तो अशाच एका दुपारी. पण माझे दुखणे डोळ्यांचे नव्हते, नाकाचे होते. आदल्या वर्षी करोना झाला. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला.

मावशीने हौसेने शेवभाजी केली होती. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आले, इतकेच. तिखट ही वासाची बाब नव्हे. ती तोंडातल्या मज्जातंतूंची आग. मसाल्याची खरी लज्जत घशामागून नाकात चढते, अन् माझी ती वाट बंद होती. "चांगली झाली," मी म्हणालो. मावशी काही बोलली नाही.

वाचकहो, वास म्हणजे वस्तूचे रेणूच. ते सुटतात, हवेवर तरंगत नाकाच्या छताशी असलेल्या इवल्याशा पडद्याला बिलगतात. तिथे त्यांना ओळखणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक असतात. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी 1991 मध्ये हे कोडे उलगडले. 2004 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. एक रेणू अनेक ग्राहकांना जागे करतो, एक ग्राहक अनेक रेणूंना ओळखतो, आणि मेंदू ती जुळणी वाचतो. आम्हां भाषेच्या मास्तरांना हे चटकन पटते: मूठभर अक्षरांत सगळा तुकाराम मावतोच की! करोनात बहुधा या वाचणाऱ्या पेशी मरत नाहीत. त्यांना सांभाळणाऱ्या शेजारणी आजारी पडतात. म्हणून आशा असते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ढग भरून आले. नैयायिकांनी गंध हा पृथ्वीचा गुण मानला. पण ओल्या मातीचा तो वास मुख्यत्वे मातीतल्या सूक्ष्म जिवांचा. ते जिओस्मिन नावाचे द्रव्य बनवतात. एक लाख कोटी भागांत त्याचे पाचएक भाग असले तरी माणसाच्या नाकाला पुरतात. दगडमातीत मुरलेली तेलेही त्यात मिसळतात. 1964 मध्ये बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी या वासाला 'पेट्रिकोर' असे नाव दिले. कनौजचे अत्तारी मात्र भाजलेल्या मातीतून तो उतरवून चंदनाच्या तेलात कधीचेच धरून ठेवत आले आहेत. थेंब सच्छिद्र मातीवर पडला की त्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, वर येऊन सोड्यासारखे फुटतात, आणि तुषारांबरोबर वास उडतो. मुसळधारेपेक्षा हलक्या सरीत हे अधिक घडते.

सर हलकीच होती. मी ओट्यावर उभा राहून लांब श्वास घेतले. काही नाही. मावशी दारात आली.

"वास आला का रे भो?"

मी चपला काढून अंगणात उतरलो, चिमूटभर ओली माती नाकाशी धरली. करपलेल्या रबरासारखे काहीतरी आले, ओंगळ, अनोळखी; अन् त्याच्या मागे, क्षणभरच, दुसरे काही. मी पुन्हा हुंगले. ते गेले होते.

"आला," मी म्हणालो.

"मंग हात धू," मावशी म्हणाली, "अन् चहा घे."